आडोसा

आमच्या चर्चमध्ये मागच्या बाकावरची शिंपीणमावशी दर रविवारी मिस्साला खच्चून गायची. इतकी बेसूर, की मेणबत्त्यांनीही मान टाकावी. आम्ही एकमेकांकडे बघून नाकं मुरडायचो आणि मग स्वतःही मोकळ्या गळ्याने गायचो. शेवटी गायकवृंदाच्या मास्तरांनी तिला दारातच गाठलं.

"मावशी, देवाला मनातलंही ऐकू येतं. तुम्ही मनातच म्हणत जा."

पुढच्या रविवारी ऑर्गन वाजला. तीनशे माणसांनी तोंड उघडलं आणि लगेच मिटलं. आयुष्यात पहिल्यांदाच ज्याला त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला होता. सगळे शहाणे गीतपुस्तकात डोकं खुपसून बसले. एकटे मास्तर चारही कडवी रेटत राहिले.

असे तीन रविवार गेल्यावर फादरनी डोळे वटारले, तेव्हा मास्तर झक मारत मावशीच्या दुकानात गेले. माझी पँट आखूड करायला दिली होती, म्हणून मी तिथेच होतो.

"मावशी, या रविवारपासून मोठ्याने गा बरं. लोकांना सवय आहे तुमची."

मावशीने ओठांत धरलेली टाचणी काढली.

"मास्तर, इतकी वर्षं माझ्या आवाजापुढे मला दुसरं काही ऐकूच यायचं नाही. गप्प बसले, तेव्हा कुठे तुमचं गाणं ऐकलं." तिने टाचणी माझ्या पँटला टोचली. "गाईन मी. देवाला तेवढा तरी आडोसा हवा."