निळी फाइल

"बाबा, आम्ही वर आलोय. सगळे सेफ आहेत," अनया धापा टाकत म्हणाली, आणि अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या किचनमध्ये केदार-आसावरीच्या जिवात जीव आला.

त्यांची लेक कॉलेजच्या एका सेमिस्टरसाठी चिलीला गेली होती. फोनमध्ये ती टेकडीवर उभी दिसत होती. खाली तिचं कोळ्यांचं गाव, फळ्यांची आणि पत्र्याची घरं, समुद्राला अगदी खेटून. दहा मिनिटांपूर्वी तिथे उभं राहवेना इतकी जमीन हलली होती. तिथल्या लोकांना अशा वेळी काही सांगावं लागत नाही. त्सुनामीच्या भोंग्याची वाट न बघता लेकुरवाळ्या, म्हातारेकोतारे, झाडून सगळे टेकडी चढले होते. अनयाची घरमालकीण एल्साबाई तर चुलीवरचं तसंच टाकून, दार उघडं ठेवून निघाली होती.

"हिने मला ओढतच आणलं. शूजपण नाही घालू दिले," अनया म्हणाली.

आसावरीने डोळे पुसले. खरं तर फोन इथेच ठेवायचा. पण बारा वर्षं व्हिसावर काढलेल्या केदारची जीभ ती, राहवतंय थोडंच?

"पासपोर्ट घेतलास ना?" केदारने विचारलं.

अनयाने वळून खाली गावाकडे पाहिलं.

"अनया, निळी फाइल?"

"रूममध्येच राहिली, बाबा."

"अगं, सगळे ओरिजिनल्स त्यात आहेत. व्हिसाचा स्टॅम्प त्यात आहे. परत कशी येणार तू?"

"केदार, सोड ना आत्ता," आसावरी म्हणाली.

"मी फक्त विचारतोय."

फोन कट झाला. केदारने परत लावला, लागला नाही. परत लावला.

"टॉवर पडला असेल," तो म्हणाला. आसावरीने त्याच्याकडे पाहिलंही नाही. कढईतले पोहे खाली लागल्याचा वास आला, पण गॅस बंद करायला कुणी उठलं नाही.

अनया लहानपणापासून गुणी. एकदा सांगितलं की दुसऱ्यांदा सांगावं लागायचं नाही. चारचौघांत केदार कौतुकाने हे सांगायचा. आज त्याला तिच्या त्याच गुणाची भीती वाटत होती.

आठ मिनिटांनी फोन वाजला. व्हॉइस मेसेज होता. आसावरीने लावला.

"बाबा, टेन्शन घेऊ नकोस. मिळाली फाइल. इथे एकदम शांत आहे. समुद्र पण किती मागे गेलाय, पार तळ दिसतोय."

तिच्या आवाजामागे, दूर टेकडीवरून, अख्खं गाव तिला हाका मारत होतं.