आन्याचा विंडसर

दिगंबररावांनी पद्मजाकाकूंना आणखी एकदा चहा विचारला. तेवढंच संकट लांबलं असतं. पण काकू परीक्षक म्हणून आल्या होत्या, त्या सरळ गॅरेजकडे निघाल्या.

अमेरिकेतल्या कॅरी गावच्या मराठी मंडळात दिवाळीची किल्ले स्पर्धा सुरू केली ती दिगंबररावांनीच. यंदा घरोघरी राजगड, प्रतापगड झाले होते. आणि त्यांच्या स्वतःच्या नातीनं नॉर्थ कॅरोलिनाच्या लाल मातीत उभारला होता विंडसर. इंग्लंडच्या राजाराणीचा. उभी हयात सह्याद्री पालथा घालणाऱ्या माणसाला तोंड कुठे लपवावं असं झालं होतं.

"सांग बाळा," काकू कोरडेपणानं म्हणाल्या.

अकरा वर्षांची आन्या घडाघडा सांगू लागली. विल्यम राजानं समुद्रापलीकडून येऊन इंग्लंड जिंकलं आणि मग हा किल्ला बांधला. मागे थेम्स नदी, तिच्यावर उभा कडा. मधल्या टेकाडावर गोल बुरूज. त्याचा खंदक कायम कोरडा, कारण खाली खडूचा दगड, पाणी साठतच नाही. समोर झाडांच्या रांगांमधून सरळसोट जाणारा लाँग वॉक. चॅपलमध्ये जुने राजे पुरलेत. गावात गिल्डहॉल, म्हणजे जुनी नगरसभा, त्याचे काही खांब छताला टेकतच नाहीत, नुसते शोभेला. पहारा बदलताना बँड वाजतो आणि सगळे तिकडेच बघत राहतात.

काकूंची मान डोलू लागली. दिगंबररावांनाही मनातून अभिमान वाटला. किल्ल्याची वाट, पाणी आणि पहारा आधी बघायचा, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. फक्त किल्ला तेवढा चुकला होता.

"अभ्यास छान आहे," काकू म्हणाल्या. "पण वर महाराज नाहीत, एक मावळा नाही. हा दिवाळीचा किल्ला कसा म्हणायचा?"

दिगंबररावांनी मान खाली घातली. आठवडाभर ते हेच विचारत होते आणि ती "वेट ना, आजोबा" म्हणून टाळत होती.

आन्यानं दोघांना हाताला धरून मागच्या बाजूला, गॅरेजची भिंत आणि नदी यांच्यामधल्या बोळकांडीत नेलं आणि वाकायला लावलं. कड्यावरून सुतळ्या लोंबत होत्या. प्रत्येक सुतळीला मातीचे मावळे लटकले होते, पार वर तटाच्या पायथ्यापर्यंत. नदीकाठच्या झाडीत, घोड्यावर, महाराज.

"शूऽ काकू, हळू बोला ना," आन्या कुजबुजली. "आत अजून कुणाला कळलेलं नाहीये."