बर्फातली पावलं

चाळीस वर्षं मी सिनेमासाठी आवाज काढले. पडद्यावर नायिका चालायची, पण पावलं वाजायची ती माझी.

नातीने देशोदेशींच्या कलाकारांना एकमेकांशी जोडणारी वेबसाइट काढली आणि त्यात माझंही नाव घातलं. पण कामांच्या यादीत माझं कामच नव्हतं.

"आजी, तुला 'इतर'मध्ये टाकू?"

"इतर असतील तुझे आजोबा!"

तिने हसत नवा रकाना केला. महिनाभर त्यात मी एकटीच.

"काढून टाक बाई," मी म्हटलं. "आता हे सगळं मशीन करतं. हातांनी करणारं कोणी उरलं नसेल."

आज एक निरोप आला. देशाचं नाव मला धड उच्चारता येईना. निरोपात शब्द नव्हते, फक्त आवाज होता. बर्फातून कोणीतरी चालत येत होतं. मी डोळे मिटून ऐकलं. बर्फ कसला, कापडी पिशवीत पीठ भरून कोणीतरी ती हातांनी दाबत होतं. मीही अश्शीच दाबायचे! पावलं जवळ आली, थांबली. मग निरोपातच दारावर टकटक ऐकू आली.

"एवढंच? काय लिहू उत्तर?" नातीने विचारलं.

"लिहू नकोस."

तिला मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करून तो दाराजवळ धरायला लावला आणि मी सावकाश कडी काढली.