जाताना बंद करा

रविवारी सकाळी पोहे परतता परतता मैथिलीचा हात थांबला. वीजबचत सप्ताहासाठी कॉलेजातल्या एकूणएक बटणांवर तिनं ‘जाताना बंद करा’ अशी चिठ्ठी चिकटवली होती. त्या भरात प्रयोगशाळेतल्या फ्रीजच्या बटणावरसुद्धा. आणि त्या फ्रीजमध्ये तिला शिकवणाऱ्या बाईंच्या पीएचडीचे तीन वर्षांचे नमुने होते.

गॅस बंद करून तिनं स्कूटी काढली. कॉलेजात पोचली, तर वॉचमन शेवाळेमामांना जुडग्यातली नेमकी तीच किल्ली सापडेना.

“आग लागलीय का कुठं?” मामा म्हणाले.

“उघडा हो आधी.”

आत फ्रीज सुरू होता. चिठ्ठी जागेवर, बटण चालू.

“मामा, तुम्ही चालू केलंत?”

“मी नुसती कुलपं लावतो, पोरी. काल कुणीच कशाला हात लावला नाही. सगळे गेले तसेच.”

तिचा जीव भांड्यात पडला. चिठ्ठी सोलून ती बाहेर आली, आणि मघाशी धावताना कानावर न आलेली घरघर आता तिला ऐकू आली. ओळीनं सात रिकामे वर्ग, आणि सातही वर्गांत कालपासून पंखे फिरत होते.

सोललेली चिठ्ठी तिच्या बोटाला चिकटली होती. झटकली तरी सुटेना.