पाणमांजरांचा पुरावा

तीन हिवाळे ओढ्याकाठी वाकून त्सिलाने डीएनए तपासायला पाणमांजरांची विष्ठा गोळा केली होती. आज बांधकामाला परवानगी देणाऱ्या समितीचा फॅक्स आला. इस्रायलमधल्या लोद गावी आईच्या घरात शिरताच तिने तो टेबलावर आपटला.

"ओढा बुजवू नका म्हणायला पाणमांजरं तिथे राहतात एवढं पुरत नाही! ती मूळची इथलीच, कुणी बाहेरून आणून सोडलेली नव्हेत, हे सिद्ध करा म्हणे. आई, तिची आई, तिची आई, पार मागपर्यंत! तोवर बुलडोझर थांबणार नाही."

नवसाच्या मलिद्यासाठी पोहे धुता धुता आईने विचारलं, "मग आता काय द्यायचं त्यांना?"

"आणखी नमुने. म्हणजे पुन्हा शी."

आईने हात पुसले आणि कपाटातून एक पिवळं पडलेलं पाकीट काढून तिच्यापुढे ठेवलं. आत रेवदंड्याहून मागवलेले कागद होते, आजीच्या लग्नाचे, पणजीच्या लग्नाचे.

"बासष्ट साली इथल्या रब्बींनी, धर्मगुरूंनी, माझं लग्न अडवलं होतं. तुम्ही हिंदुस्थानातून आलेले, मूळचे यहुदी कशावरून, म्हणे. हे प्रूफ जमवायला दीड वर्ष गेलं," आई म्हणाली. "तुझी जनावरं सुटली गं. त्यांच्याकडे नुसती शीच मागताहेत."