फुलाबाईची चप्पल

"मार फुलाबाई, थोबाड फोड मेल्याचं!" बाया ओरडत होत्या. "धुणंभांडी करणाऱ्या बायांना कसली आलीय अब्रू," असं तो पुढारी भर सभेत बरळला होता, म्हणून चौकात त्याच्या पुतळ्याला जोडे पडत होते. फुलाबाईनं असा हाणला की पुतळ्याचं मुंडकं लोंबायला लागलं.

तेवढ्यात विरोधी पक्षाच्या मॅडम गाडीतनं उतरल्या. फुलाबाई त्यांच्याच घरी भांडी घासायची. त्या पगारावर तिची चूल पेटायची.

"तुझी चप्पल दे गं. माझी महागाची आहे."

फुलाबाईनं दिली आणि तापल्या डांबरावर अनवाणी उभी राहिली. मॅडमनी दोन फटके मारले, फोटो झाले, मग चप्पल फेकून हात पुसत म्हणाल्या, "आता या बायांना मागं घ्या रे. फोटोत सगळा उकिरडा दिसतोय."

फुलाबाईनं चप्पल उचलली. काम जाणार, हे तिला वाकतानाच कळलं होतं.

"तुमची महागाची राहू द्या, मॅडम. माझीच वापरते."

पहिल्याच फटक्याला मॅडमच्या नाकातनं रक्ताची धार लागली. मागं एकेक बाई वाकून पायातली चप्पल काढायला लागली.