ड्रमवाल्याचा खुबा

पर्समधला मोबाइल थरथरायचा थांबेना, तेव्हा तिने तो बाहेर काढला.

समोर नवरा लाकडी जिना चढत होता. फिजिओथेरपीच्या खोलीत मधोमध ठेवलेला तो जिना कुठेच जात नव्हता. चार पायऱ्या वर, चार पायऱ्या खाली, दोन्हीकडे कठडा. पक्षाघाताने नवऱ्याची डावी बाजू लुळी पडली होती. आता पाय जरा ऐकायला लागला होता, हात अजून हट्टी होता.

"चढताना चांगला पाय आधी, काका," फिजिओ म्हणाली. "उतरताना दुसरा."

"आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या," नवरा धापा टाकत म्हणाला. "लोकांचे पाय वाचवले. त्याचं हे फळ."

मोबाइलवर चाहत्यांचा ग्रुप खदखदत होता. एकाच बँडवर कॉलेजपासून जीव टाकणारी, आता केस पिकलेली माणसं. सगळ्यात वर कुणीतरी लिहिलं होतं, 'बातमी कळली का?' आणि खाली रडकी तोंडं.

बँडमधला सर्वांत लहान तो सत्तरीचा. या वयात अशा निरोपाचा अर्थ एकच असतो. तिने घाईघाईने खाली वाचलं. ड्रमवाला घरात घसरून पडला होता. खुबा मोडला, ऑपरेशन झालं, तब्येत ठीक. दौरा पुढच्या वर्षावर ढकलला होता, म्हणजे या दोघांनी तिकिटं काढलेली कॉन्सर्टही.

त्याखालचे निरोप वेगळेच होते. 'मला वाटलं गेलाच. जीव भांड्यात पडला.' 'पुढच्या वर्षी तर पुढच्या वर्षी, तोवर माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन उरकतो.' 'सून म्हणते, तुम्हाला उभं राहायला तरी जमलं असतं का?'

तिलाही हायसं वाटलं. अगदी पायापर्यंत. पण हे नवऱ्याला सांगायचं कसं? पलंगाला खिळलेला माणूस या कॉन्सर्टच्या नावाने उठून बसला होता. कुठला व्यायाम नको म्हणाला की ती फक्त तारखेची आठवण करून द्यायची. आता तारीखच गेली. हा पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडला तर?

तिने मोबाइल मांडीवर पालथा ठेवला.

"कोण गेलं?" नवऱ्याने वरच्या पायरीवरून विचारलं.

"कुणी नाही. पाय बघ आधी."

"तुझं तोंड बघतोय. कोण गेलं ते सांग."

"कुणी गेलं नाही रे. ड्रमवाला पडला. खुबा मोडलाय. ऑपरेशन चांगलं झालं म्हणतात."

"आणि दौरा?"

तिने मोबाइल पर्समध्ये टाकला. फिजिओने आपला हात त्याच्या पाठीशी आणला.

"पुढे ढकललाय," बायको म्हणाली. "पुढच्या वर्षी."

"रद्द नाही ना?"

"नाही. पुढे ढकललाय."

तो कठड्याला धरून हळूहळू खाली वाकला आणि वरच्याच पायरीवर बसला. खूप दिवसांनी त्याचे खांदे सैल पडलेले तिला दिसले.

"हुश्श!" तो म्हणाला. "सुटलो बाई."

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"मला जमलं नसतं गं," तो म्हणाला. त्याची जीभ अजून शब्दांत अडखळायची, पण हे वाक्य सरळ आलं. "या चार पायऱ्यांना मला घाम फुटतो. तिथे आपली जागा पार वर, आभाळाला टेकलेली. त्या गर्दीत मी मध्येच बसलो असतो म्हणजे? पण तू एवढी खटपट करतेस. नवा शर्टसुद्धा आणून ठेवलास. तुला नाही कसं म्हणू?"

ती उठून त्याच्याजवळ गेली.

"वर नव्हती आपली जागा," ती म्हणाली. "मी बदलून घेतली. खाली, व्हीलचेअरवाल्यांसाठी असते तिथे."

"कधी?"

"झाले बरेच दिवस."

"आणि मला बोलली नाहीस?"

"तू बोललास मला?"

आधी त्याला हसू फुटलं, अर्ध्या चेहऱ्याने, मग तिला. ती खालच्या पायरीवर टेकली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. फिजिओही हसायला लागली.

"मला वाटलं, काका आता नाराज होणार," फिजिओ म्हणाली. "मग व्यायाम जरा कमी करायचा का? आता काही घाई नाही."

"कमी?" नवऱ्याने कठडा पकडला. "अगं, त्या म्हाताऱ्याला नवाकोरा खुबा बसवलाय. तो पुढच्या वर्षी ठणठणीत होऊन येणार. आणि मी काय खाली खुर्चीत बसून बघू? चल, उठव मला."

फिजिओने हात पुढे केला. पण तिच्या आधाराची वाट न बघताच तो निम्मा उठला होता.

दारात वॉकर टेकवत पुढच्या पेशंट आजी उभ्या होत्या. खोलीतला दंगा बघून त्यांचाही चेहरा खुलला.

"काय हो, लग्नघर आहे का हे? कुणाचं काय एवढं चांगलं झालं?"

"आमचा एक माणूस पडला, आजी," ती डोळे पुसत म्हणाली. हसू काही आवरेना. "खुबा मोडला त्याचा."

आजींनी वॉकर जागीच थांबवला. तिघांकडे एकेक करून पाहिलं.

"माझा मोडला तेव्हा," त्या म्हणाल्या, "कुणी एवढं हसलं नव्हतं."